खंड्या : रजिस्टरात नसलेला एक रहिवासी

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख द्या, असं समितीने सांगितलं तेव्हा विषयही सुचवला होता : ‘आपल्या सोसायटीचा इतिहास’. मी आठ वर्षं खजिनदार होतो आणि बँकेत सदतीस वर्षं काढलेली, त्यामुळे जुने कागद सापडतील तर यांच्याकडेच, असा माझा लौकिक आहे. पण कन्व्हेयन्सची लढाई, पाण्याची टाकी, लिफ्ट बदलली ते वर्ष, हे सगळं इतर मंडळी लिहीत आहेत आणि ती माझ्यापेक्षा चांगलं लिहितील. मला एका रहिवाशाबद्दल लिहायचं आहे. आधी आपल्या गेटवर आणि नंतर आमच्या घरात मिळून तो जवळजवळ पंधरा वर्षं इथे राहिला. आय रजिस्टरात त्याची नोंद नाही. भागपत्र नाही, नॉमिनेशन नाही. नाव मात्र सगळ्यांना ठाऊक आहे : खंड्या.

नव्या सभासदांसाठी सांगतो. खंड्या म्हणजे तपकिरी अंगाचा, पांढऱ्या छातीचा, साधा गावठी कुत्रा. २००९ च्या पावसाळ्यात पंप रूमच्या आडोशाला पिल्लू म्हणून आला आणि २०२४ च्या जानेवारीत, संक्रांतीनंतरच्या शनिवारी, आमच्या हॉलमध्ये गेला. अजूनही खाली कुणी भेटलं की विचारतात, “घर सुनं वाटत असेल नाही?” वाटतं. पण हा लेख केवळ त्यासाठी नाही.

एक गोष्ट आधीच कबूल करतो, म्हणजे पुढचं लिहिणं सोपं जाईल. या कुत्र्याला आपल्या आवारातून उचलून न्यावं म्हणून २०१० साली महापालिकेला जे पत्र गेलं, त्याचा मसुदा माझा होता आणि त्याखालची सहीही माझीच.

मला कुत्र्यांची भीती होती, साधीसुधी नव्हे. १९६० साली, मी नऊ वर्षांचा असताना, कोकणात आमच्या गावी शाळेच्या वाटेवर एक कुत्रा पोटरीला चावला. माझ्या वयाच्या लोकांना पुढचं सांगायला नको. चौदा दिवस रोज वडिलांबरोबर तालुक्याच्या दवाखान्यात जायचं आणि पोटात सुई टोचून घ्यायची. मेंढीच्या मेंदूपासून तयार केलेली ती लस होती. ती पद्धत कसौलीला डेव्हिड सेम्पल या डॉक्टरने १९११ साली बसवली आणि आपल्याकडे ती जवळजवळ शतकभर चालली. २००५ च्या सुमारास ती बंद झाली आणि दंडात घ्यायची नवी लस सगळीकडे आली. आता पाच इंजेक्शनं घेऊन माणूस कामावर जातो. आम्ही मात्र पोटावर गाठी घेऊन फिरलो. तेव्हापासून कुत्रा दिसला की मी रस्ता बदलत असे, अगदी ब्रँच मॅनेजर झाल्यावरसुद्धा.

त्यामुळे २०१० च्या वार्षिक सर्वसाधारण सभेत कुत्र्यांचा विषय निघाला तेव्हा मी तटस्थ नव्हतो. प्रसंगही घडला होता. बी विंगमधल्या एका ज्येष्ठ सभासदांचा नातू सायकल चालवत होता, कुत्रा भुंकत मागे लागला, पोरगा पडला आणि हनुवटीला चार टाके पडले. आजोबा सभेत रागाने बोलले आणि त्यांचा राग रास्तच होता. ठराव मांडला गेला, अनुमोदन मिळालं, विरोधात दोन हात वर झाले. त्यातला एक आमच्या सौ.चा होता. इतिवृत्तात ‘बहुमताने मंजूर’ अशी नोंद आहे. सभा ए विंगच्या लॉबीत होती, आणि माझ्या डोक्यावरच दत्तगुरूंची तसबीर होती, पायाशी चार कुत्री असलेली. ही गोष्ट त्या दिवशी माझ्या लक्षात आली नाही. घरी गेल्यावर सौ.ने ती लक्षात आणून दिली.

मी पत्र लिहिलं. काही आठवड्यांनी गाडी आली आणि जाळी टाकून दोन कुत्री घेऊन गेली. मला वाटलं, खातं बंद झालं.

दहा-बारा दिवसांनी सकाळी दूध आणायला खाली उतरलो, तर गेटपाशी तोच बसलेला! अंगाने जरा रोडावलेला, आणि एका कानाला खाच पाडलेली. त्याच गाडीने त्याच जागी आणून सोडला होता. मी चिडून फोन केला. पलीकडच्या माणसाने शांतपणे सांगितलं, “साहेब, ऑपरेशन झालंय, रेबीजची लस दिली आहे. जिथून उचलला तिथेच सोडावा लागतो. नियमच आहे.”

नियम म्हटल्यावर मी गप्प बसलो. पण नियम कुठला, कधीचा, हे पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. तेव्हा थोडं वाचलं. खंड्या गेल्यानंतर रात्री झोप येईना, तेव्हा उरलेलं वाचलं. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतो, कारण तो आपल्या मुंबईचाच इतिहास आहे.

भटक्या कुत्र्यांवरून या शहरात दंगल झाली होती, हे किती जणांना माहीत आहे? तारीख ६ जून १८३२. कंपनी सरकारच्या काळात उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारण्याचा नियम होता आणि मारणाऱ्याला कुत्र्यामागे आठ आणे मिळत. आठ आण्यांच्या लोभाने ही माणसं रस्त्यावरची कुत्री सोडून लोकांच्या दारातली, घरातली कुत्रीही धरू लागली. त्या वर्षी मोहिमेची मुदतही वाढवली गेली. पारशी समाजात कुत्र्याला मोठा मान. माणूस गेल्यावर त्याच्या देहावर कुत्र्याची नजर पडावी असा त्यांचा ‘सगदीद’ नावाचा विधी आहे, म्हणजे माणसाला शेवटचा निरोप देणाऱ्यांत कुत्रा असतो. अशा समाजाच्या दारातून कुत्री ओढून नेल्यावर जे व्हायचं ते झालं. फोर्टमध्ये पोलिसांना मारहाण झाली. दुसऱ्या दिवशी पारशांबरोबर हिंदू, जैन आणि इतर व्यापाऱ्यांनीही दुकानं बंद ठेवली आणि छावणीला माल मिळेना. शेवटी लष्कर बोलवावं लागलं, धरपकड झाली.

मला महत्त्वाचं वाटलं ते त्याच्यानंतरचं. दोनच वर्षांनी, १८३४ साली, सर जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने भुलेश्वरजवळ पांजरपोळ उभी राहिली. एक पारशी, एक जैन. ‘मारू नका’ असं म्हणून ते थांबले नाहीत. ‘मग ठेवायचं कुठे आणि खर्च कुणाचा?’ या प्रश्नाचं उत्तर त्यांनी स्वतःच्या नावाने दिलं. त्यानंतर १८७४ साली सर दिनशा माणेकजी पेटिट यांनी प्राण्यांवरील क्रूरतेला आळा घालणारी संस्था मुंबईत काढली. परळला जनावरांचं मोठं इस्पितळ झालं, ते त्यांच्या पत्नी बाई साकरबाई यांच्या नावाने. जुने गिरणगावकर त्याला ‘बैलघोडा हॉस्पिटल’ म्हणतात, कारण ट्रामचे घोडे आणि गाडीचे बैल हेच तेव्हाचे पेशंट. शेजारी १८८६ साली व्हेटर्नरी कॉलेज सुरू झालं.

तरीही रस्त्यावरची कुत्री मारणं काही थांबलं नाही. स्वातंत्र्यानंतरही महापालिका ते करत होती. १९६० साली संसदेने प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा केला. त्यामागे राज्यसभेतल्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांची खटपट होती. आपल्या सोसायट्या ज्या कायद्याखाली नोंदल्या जातात, तो महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमही नावाने १९६० चाच. पण कायदा झाला तरी आणखी तीस-पस्तीस वर्षं मुंबईत कुत्री मारली जातच होती आणि त्यांची संख्या काही घटत नव्हती. कारण सोपं आहे. कुत्रा आपला इलाखा धरून राहतो. एका गल्लीतली कुत्री उचलली की उकिरडा तिथेच राहतो, आणि महिन्या-दोन महिन्यांत शेजारच्या गल्लीतली कुत्री तिथे येतात. ती नवी असतात, लस नसलेली असतात आणि जागेसाठी भांडतात. त्यापेक्षा जुन्याच कुत्र्याची नसबंदी करून, लस टोचून, ओळखीसाठी कानाला खाच पाडून त्याच जागी सोडला, तर तो जागा राखतो आणि पिल्लं होत नाहीत. साधारण सत्तर टक्के कुत्र्यांना लस मिळत राहिली तर रेबीजची साखळी तुटते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. १९९४ साली मुंबईत मारणं थांबलं आणि नसबंदीचा मार्ग सुरू झाला. देशभरासाठी त्याचे नियम निघाले ते २४ डिसेंबर २००१ रोजी.

साल वाचून मी चष्मा पुसला. २००१, म्हणजे आपल्या सोसायटीच्या नोंदणीचं वर्ष. ज्या नियमाने खंड्याला माझ्या सहीनंतरही गेटवर परत आणून बसवलं, तो नियम आणि आपली सोसायटी एका वयाची आहेत. या वर्षी दोघांचीही पंचविशी.

आता नावाबद्दल. कानाला खांड पडलेला म्हणून वॉचमन आणि मुलं त्याला खंड्या म्हणू लागली, असं बरेच जण समजतात. काही मुलांना खंड्या म्हणजे मासे पकडणारा निळा पक्षी एवढंच माहीत होतं. पण हे नाव मी ठेवलं, आणि खरं सांगायचं तर चिडून, उपहासाने. मी १९८६ च्या सुमारास साताऱ्याला पोस्टिंगवर होतो. तिथून जवळ कृष्णा आणि वेण्णा नद्यांच्या संगमावर माहुली आहे. राजघराण्यातल्या समाध्यांच्या त्या परिसरात चौथऱ्यावर एक दगडी कुत्रा आहे. ती छत्रपती शाहू महाराजांच्या आवडत्या खंड्या कुत्र्याची समाधी. शिकारीत वाघापासून त्याने महाराजांचा जीव वाचवला, असं सांगतात. ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात लिहिलं आहे की, महाराजांनी या कुत्र्याला जरीची वस्त्रं घातली, आपली पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली, त्याच्या नावाने जहागिरीची सनद काढली आणि पालखीचा मान दिला. डफसाहेबाने ही उतारवयातल्या राजाची भ्रमिष्टपणाची लक्षणं म्हणून नोंदवली आहेत. मला पूर्वी तसंच वाटायचं. म्हणूनच त्या सकाळी सौ.ला म्हणालो, “आले पाहा, जहागिरीवर खंड्याराव परत आले.” उपहास विरून गेला, नाव राहिलं.

रायगडावरच्या वाघ्याबद्दलही मला काही जणांनी विचारलं आहे. त्याच्या गोष्टीला समकालीन कागदांत आधार सापडत नाही, असं अभ्यासक सांगतात आणि त्यावर वादही आहे. त्यात मी पडत नाही. माहुलीची समाधी मी स्वतः पाहिली आहे, म्हणून तिच्याबद्दल लिहिलं.

परत आल्यावर खंड्या कुणाच्या मागे लागला नाही. सौ. रोज संध्याकाळी पंप रूममागे त्याला पोळी घालायची. मला ते माहीत होतं आणि मला माहीत आहे हे तिला ठाऊक होतं. मी मात्र गेटमधून येता-जाता बॅग मधे धरायचो. तो नुसता बघायचा. २०११ मध्ये मी निवृत्त झालो. सकाळी साडेआठची लोकल पकडायची नसली की माणूस गेटपाशी जरा रेंगाळतो. वॉचमनशी बोलता बोलता खंड्या कधी येऊन पायाशी बसू लागला, ते मला सांगता येणार नाही. बसायचा तो हातभर अंतर ठेवून. ते अंतर त्याने राखलं म्हणूनच माझी भीती गेली, असं मला वाटतं. अंगावर आला असता तर आयुष्यभर गेली नसती.

२०१४ च्या मे महिन्यात गेटसमोरच एक टेम्पो त्याच्या मागच्या पायावरून गेला. मी खाली पोचलो तेव्हा वॉचमनने त्याला पोत्यावर घेतलं होतं. रिक्षावाला नेईना. मग आपल्याच सी विंगमधल्या एका तरुणाने गाडी काढली आणि मुलुंडहून परळपर्यंत मी मागच्या सीटवर त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलो. ज्याच्या भीतीने पन्नास वर्षं रस्ते बदलले, त्या जातीच्या जनावराचं डोकं माझ्या मांडीवर! तो विव्हळत होता, पण चावला नाही. पायात रॉड बसला. सोडताना डॉक्टर म्हणाले, “दोन महिने रस्त्यावर ठेवू नका.” दोन महिन्यांसाठी आमच्या घरी आलेला खंड्या पावणेदहा वर्षं राहिला.

या काळात सोसायटीही बदलली, हे इतिहास म्हणून नोंदवायला हवं. खाऊ घालण्याची जागा खेळायच्या मैदानापासून लांब, मागच्या भिंतीला ठरली. वेळ ठरली. कचऱ्याचे डबे झाकणाचे आले. आवारातल्या सगळ्या कुत्र्यांना दर जानेवारीत लस द्यायची असं ठरलं आणि त्याची वही माझ्याकडे आली. सगळे एकमताचे झाले, असं मात्र नाही. ज्यांच्या घरात लहान मूल आहे, रात्रपाळीहून जे परत येतात, त्यांची भीती खरी आहे. चौदा इंजेक्शनं घेतलेला माणूस त्या भीतीला हसू शकत नाही. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधी दिल्लीतली सगळी कुत्री उचलून बंदिस्त ठेवायला सांगितलं आणि पंधरवड्याच्या आत, २२ ऑगस्टला, तो आदेश बदलला. लस आणि नसबंदी करून, पिसाळलेली वा हल्ला करणारी सोडून बाकीची पुन्हा त्याच जागी सोडा, आणि खाऊ घालायच्या जागा ठरवून द्या, असं सांगितलं. त्या दिवसांत आपल्या ग्रुपवर जी भांडणं झाली ती सर्वांनी वाचली आहेत. मी काही लिहिलं नाही. माझ्या मनात एवढंच आलं की, १८३२ पासून प्रश्न एकच आहे. मारा आणि मारू नका असं म्हणणारे पुष्कळ असतात. ‘माझ्या नावावर लिहा’ म्हणणारा कुणी आहे का, हा खरा प्रश्न.

२०२२ नंतर खंड्या म्हातारा दिसू लागला. तोंड पांढरं झालं, डोळ्यांवर निळसर पडदा आला. रॉड घातलेला पाय थंडीत आखडायचा. कुत्र्यांना लिफ्टमध्ये बंदी असा आपला जुना नियम होता, म्हणून मी त्याला तिसऱ्या मजल्यावरून उचलून आणायचो. मी बहात्तर वर्षांचा, तो माणसाच्या हिशेबाने माझ्याहून मोठा. दोघेही प्रत्येक मजल्यावर थांबत थांबत उतरायचो. २०२३ च्या दिवाळीनंतर त्याचं खाणं कमी झालं. रक्त तपासल्यावर किडन्या निकामी होत चालल्याचं कळलं. डॉक्टरांनी मला कातडीखाली सलाईन लावायला शिकवलं. कपडे वाळत घालायच्या दांडीला बाटली अडकवायची, मानेमागची कातडी चिमटीत धरायची आणि सुई घालायची. सुईला जन्मभर घाबरलेला मी ते रोज करत होतो आणि तो निमूट करू देत होता.

नातेवाईक म्हणायचे, एवढं कशाला करता, आता त्याचा उपयोग काय? त्यांना मी पुढे एक गोष्ट सांगू लागलो. जर्मनीत बॉन शहराजवळ ओबरकासेल इथे १९१४ साली सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीचं एक दफन सापडलं. एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्याबरोबर एक कुत्र्याचं पिल्लू. पुढे त्या पिल्लाचे दात तपासले तेव्हा लक्षात आलं की, त्याला डिस्टेंपर झाला होता, आणि तो एकदा नव्हे, वारंवार उलटला होता. त्या आजारात पिल्लू उठत नाही, खात नाही, घाण तिथेच करतं. तरी ते कित्येक आठवडे जगलं, म्हणजे कुणीतरी त्याला पाणी पाजलं होतं, पुसलं होतं, ऊब दिली होती. शिकार करू शकत नाही, राखण करू शकत नाही, असं पिल्लू. शेती नव्हती, गाव नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. उपयोगाचा प्रश्न त्या माणसांनाही पडला असेल. त्यांचं उत्तर खड्ड्यात सापडलं.

जानेवारीत खंड्या उठेनासा झाला. रात्री कण्हायचा. डॉक्टर घरी येऊन गेले आणि म्हणाले, “आता जे चाललंय ते त्याच्यासाठी नाही, तुमच्यासाठी चाललंय. विचार करा.” दोन दिवस आम्ही विचार केला. महाभारतात शेवटी धर्मराजाबरोबर स्वर्गाच्या दारापर्यंत गेलेला कुत्रा आठवला. तो पाळलेला नव्हता. हस्तिनापुरातून निघताना आपणहून मागे लागला होता, कथेत त्याला नावही नाही. इंद्र म्हणाला, याला सोड आणि रथात बस. युधिष्ठिराने नकार दिला. आसऱ्याला आलेल्याला सोडणार नाही म्हणाला. मला त्या दोन दिवसांत छळणारा प्रश्न हाच होता की, इंजेक्शनला हो म्हणणं म्हणजे सोडणं की न सोडणं? शेवटी सौ. म्हणाली, “सोडायचं नाही म्हणजे आपण उठून दुसऱ्या खोलीत जायचं नाही. एवढंच आपल्या हातात आहे.”

शनिवारी सकाळी डॉक्टर आले. त्यांनी एक छापील कागद पुढे केला. संमतिपत्र. ‘मालकाचे नाव’ असा रकाना होता. पंधरा वर्षांत तो रकाना मी कुठेच भरला नव्हता. परळलाही ‘आणणाऱ्याचे नाव’ असंच लिहिलं होतं. मी नाव लिहिलं आणि सही केली. बँकेत हजारो सह्या केल्या, हात कधी थरथरला नाही. त्या दिवशी सही नमुन्याशी जुळली नसती. कागद परत देताना सौ. हळूच म्हणाली, “अहो, ह्या वेळी तो परत यायचा नाही.”

पहिलं इंजेक्शन झोपेचं होतं. त्याची मान माझ्या मांडीवर सैल पडली. दुसऱ्यानंतर दोन-तीन मिनिटांत डॉक्टरांनी स्टेथोस्कोप काढून ठेवला. खाच पडलेला कान माझ्या हातात होता, अजून ऊबदार.

त्याला चादरीत गुंडाळून आम्ही दार उघडलं. सवयीने मी जिन्याकडे वळलो. तर मजल्यावर लिफ्ट उघडी होती आणि दार धरून बी विंगचे तेच आजोबा उभे होते, ज्यांच्या नातवाला टाके पडले होते. वॉचमनकडून त्यांना कळलं होतं. म्हणाले, “ह्यातून या. आज जिना नको.” एवढंच बोलले. खाली वॉचमनने झेंडूचा हार आणला होता.

महापालिकेने मालाडला २०२३ साली लहान प्राण्यांसाठी पाइप गॅसवर चालणारी दहनभट्टी सुरू केली आहे. तिथे नेलं. ज्या महापालिकेला मी त्याला उचलून न्या म्हणून लिहिलं होतं, तिच्याच भट्टीवर त्याला मी स्वतः घेऊन गेलो. थोडी राख मिळाली. ती मागच्या भिंतीपाशी, त्याच्या पोळीच्या जागी, कडुनिंबाच्या आळ्यात घातली आहे. समाधी वगैरे काही बांधलेली नाही. महाराजांना परवडतं, सोसायटीत त्यासाठी ठराव लागतो. मात्र पुढच्या सर्वसाधारण सभेत लिफ्टचा तो नियम रद्द झाला. सूचक कोण होते, ते इतिवृत्तात आहे. मी सांगत नाही.

२०१० च्या पत्राची कार्यालयीन प्रत आणि २०२४ चं संमतिपत्र, हे दोन्ही कागद मी एकाच फाइलमध्ये लावले आहेत. दोन्हींवर सही एकाच माणसाची आहे. सोसायटीच्या दप्तरासाठी हवी असेल तर फाइल देईन.

आणि एक विनंती. सध्या गेटवर दोन कुत्री आहेत, एक काळा आणि एक पांढरी. दोघांच्याही कानाला खाच आहे, लस जानेवारीत झालेली आहे. मला आता पंचाहत्तर झाली. लसीकरणाची वही कुणीतरी तरुण सभासदाने ताब्यात घ्यावी. तारखा, बिलं, डॉक्टरांचा फोन, सगळं नीट लिहिलेलं आहे. पहिल्या पानावर ‘जबाबदार व्यक्ती’ असा रकाना मी आखला आहे. त्यात सध्या माझं नाव आहे. खाली जागा सोडली आहे.